चंबूचं झाड

त्या दिवशी कचेरी बाराच्या आतच सुटली. तालुकदारसाहेबांच्या आई हैदराबादेत वारल्याची तार आली, पेशकारांनी मिसली, म्हणजे कचेरीचे कागद, बांधून ठेवल्या आणि सगळ्यांना घरी जायला सांगितलं. महालिंगप्पाला इतक्या लवकर घरी जायची सवय नव्हती. धाराशिवच्या बलदियेत, म्हणजे नगरपालिकेत, सफाई दरोगा म्हणून त्याला सोळा वर्षं झाली होती, आणि दिवे लागायच्या आधी घर कसं दिसतं हे तो जवळजवळ विसरून गेला होता. श्रावणातलं ऊन पडलं होतं, मधूनच एखादी सर येऊन जात होती. पाय चिखलानं भरले म्हणून तो पुढच्या दारानं न जाता बोळातून परसाकडे वळला. छत्री मिटून दाराच्या चौकटीला टेकवली, आणि आत पाऊल टाकणार तेवढ्यात थांबला. नागम्मा, त्याची बायको, लिंबाखाली उकिडवी बसली होती. पाठ त्याच्याकडे. तिच्यासमोर तो रॉकेलचा अर्धा कापलेला डबा होता, आणि डब्यात ते झाड. डाव्या हातात पळसाचं पान, त्यावर मारलेल्या माश्यांचा लहानसा ढीग. उजव्या हातातल्या काडीनं ती एकेक माशी उचलत होती, पानाच्या टोकाला लोंबणाऱ्या चंबूचं झाकण बोटानं जरा वर करत होती आणि माशी आत सोडत होती. या चंबूत दोन, त्या चंबूत दोन, कोपऱ्यातल्या लहानग्यात एक. पंगतीत कुणाला कमी पडू नये म्हणून वाढणारी बाई जशी मागं वळून बघते तशी तिनं एकदा सगळ्या चंबूंवरून नजर फिरवली आणि उरलेली एक माशी पहिल्या चंबूत टाकली. महालिंगप्पा आवाज न करता मागं सरला आणि बोळातून चालू लागला.

कुठं जायचं हे ठरलं नव्हतं. बाजारपेठ टाळून तो गावाबाहेर ओढ्याच्या अंगाला गेला. एका खडकावर बसला. काय झालं होतं? काहीच नाही. बायको झाडाला माश्या घालत होती. पण गेली दोन वर्षं तो रोज संध्याकाळी पागोटं काढायच्या आधी त्या डब्यापाशी जाऊन चंबूत डोकावत होता, आतल्या पाण्यावर तरंगणाऱ्या माश्या मोजत होता, आणि स्वयंपाकघरातून नागम्मा विचारत होती, "आज किती?" तो सांगायचा, नऊ. तो सांगायचा, अकरा. एकदा सतरा होत्या, त्या दिवशी तो दोन भाकरी जास्त जेवला होता. त्याला वाटायचं, एवढं एक झाड, आणि रोज इतक्या माश्या. असं गावभर लावलं तर? एकदा त्यानं साहेबांपुढं ही गोष्ट काढली होती. साहेब हसले होते. आता त्या खडकावर बसून त्याला साहेबांचं हसू आठवलं आणि कानशिलं तापली.

ते झाड त्याला चन्नबसप्पानं दिलं होतं. चन्नबसप्पा त्याच्याबरोबर शाळेत होता. लढाई सुरू झाली तशी तो फौजेच्या कोठारात कारकून म्हणून लागला आणि पार आसामात जाऊन पडला. रजेवर आला तेव्हा महालिंगप्पाच्या लेकीला, नीलाला, जाऊन वर्ष होत आलं होतं. समाचाराला बसला, बोलायला काही सुचेना, म्हणून तिकडच्या डोंगरांचं सांगत राहिला: तिथं एक वेल असते, तिच्या पानाच्या शेंड्याला चंबू लागतो, चंबूत पाणी असतं, माशी आत पडली की बाहेर येत नाही, झाड तिला पचवून टाकतं. महालिंगप्पा खाली मान घालून ऐकत होता. एकदम त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "मला आणून दे." पुढच्या रजेला चन्नबसप्पानं दोन रोपं आणली, ओल्या शेवाळात गुंडाळून, तुपाच्या डब्यात घालून, सहा दिवसांचा रेल्वेचा प्रवास करून. शाळेतल्या मास्तरांनी पुस्तकात बघून घटपर्णी असं नाव सांगितलं. नागम्मा मात्र चंबूचं झाड म्हणायची. एक रोप पहिल्याच महिन्यात गेलं. विहिरीचं पाणी घातलं होतं. इथलं पाणी जड, डाळ शिजू न देणारं, डब्याच्या कडेला त्याचा पांढरा थर बसला आणि पानं टोकापासून काळी पडत गेली. चन्नबसप्पाचं पत्र आलं: पावसाचं नाहीतर वाफेचंच पाणी घाला, माती अजिबात नको, नारळाची शेंडी, विटेचा चुरा नि कोळसा घाला, आणि डबा उघड्यावर पण सावलीत ठेवा. मग पत्र्यावरून पडणारं पाणी रांजणात धरायला सुरुवात झाली. चैत्रात रांजण आटला की नागम्मा चुलीवर पाणी उकळत ठेवून त्यावर थाळी धरायची आणि थाळीला जमलेले थेंब वाटीत निथळून घ्यायची. वाटीभर पाण्याला अर्धा दिवस जायचा. उन्हाळ्यात डब्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळलेलं असायचं, ते सुकू द्यायची नाही. महालिंगप्पाला वाटायचं, तिला झाडाचा लळा लागलाय.

लळा नव्हता तो. खडकावर बसल्या बसल्या त्याला ते पुरतं उमगलं. ती हे सगळं त्याच्यासाठी करत होती. संध्याकाळी तो चंबूत डोकावतो तेव्हा त्याला माश्या दिसाव्यात म्हणून. झाड मुंग्यांवर जगत असेल. कधी काळी चुकून एखादी माशी पडत असेल. बाकीच्या सगळ्या तिनं दिवसभर घरात, गोठ्यात, उकिरड्यावर मारून आणलेल्या. आणि का, हेही त्याला ठाऊक होतं. ते मनात येऊ नये म्हणून त्यानं ओढ्याच्या पाण्यात पाय बुडवले, पण ते आलंच.

तीन वर्षांपूर्वीचा वैशाख. गावात पटकी शिरली होती. कागदोपत्री हैजा. बलदियेनं हुकूम काढला होता: पाणी उकळून प्या, उघड्यावरचं खाऊ नका, कापलेली फळं विकू नका. मुनादी देणारा दगडोबा डफडं वाजवायचा आणि हुकूम मात्र महालिंगप्पा स्वतः वाचून दाखवायचा, आधी उर्दूत, मग मराठीत, पेठेच्या टोकाला कानडीतही. आवाज बसला होता त्याचा. घरी नागम्माला तो रोज सांगायचा, पाणी उकळल्याशिवाय पोरीच्या तोंडाला लावायचं नाही. नीला सात वर्षांची होती. शाळेला सुट्टी, घरात करमत नाही, म्हणून त्या दिवशी हट्ट करून त्याच्याबरोबर बाजारात आली. हुकूम वाचून झाला, दगडोबा पुढं गेला, आणि परत येताना रस्त्याच्या कडेला एक म्हातारी कलिंगडं घेऊन बसली होती. दोन फाका कापून पानावर ठेवल्या होत्या. महालिंगप्पा तिला दटावणार होता. खरंच दटावणार होता. पण नीला त्याचं बोट ओढून म्हणाली, "अप्पा, एकच." तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. ऊन असं होतं, की रस्ता डोळ्यांपुढं हलत होता. त्याला वाटलं, एका फाकेनं काय होतं? सगळं गाव मेलंय का कलिंगडानं? त्यानं मागं वळून पाहिलं, ओळखीचं कुणी नव्हतं. म्हातारीनं माश्या हाकलल्या आणि फाक उचलून दिली. नीलानं ती भिंतीकडे तोंड करून खाल्ली, कारण त्यानंच तिला तसं उभं केलं होतं. मग त्यानं आपल्या उपरण्यानं तिची हनुवटी पुसली आणि म्हणाला, "अव्वाला सांगू नको हं." ती हसली. आईपासून लपवायचं दोघांचं काहीतरी गुपित झालं याचा तिला फार आनंद झाला होता. घरापर्यंत ती उड्या मारत आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळपर्यंत डोळे खोल गेले, बोटांची कातडी पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतली. दवाखान्यातून औषध आणलं, ते पोटात राहीना. मीठपाणी चमच्यानं घालून झालं. पायांत पेटके यायचे तेव्हा ती ओरडायचीही नाही, नुसती तोंड उघडायची. अशा वेळी, लेकीच्या उशाशी उभा राहून, महालिंगप्पा नागम्मावर ओरडला, "पाणी उकळलं होतंस का?" त्याला आजही कळत नव्हतं, की ते त्याच्या तोंडून कसं आलं. नागम्मानं चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "परवा सकाळी न्हाय. वळवाच्या पावसानं लाकडं वली हुती." तो म्हणाला, "सांगितलं होतं ना तुला? रोज सांगत होतो ना?" आणि तेवढ्यात त्याची नजर नीलाकडे गेली. नीला जागी होती. ती त्याच्याकडेच बघत होती. त्या खोल गेलेल्या डोळ्यांत राग नव्हता, नवल नव्हतं, काही नव्हतं, नुसती ती बघत होती. आणि मग तिनं डोळे मिटून घेतले. तिनं आईला सांगितलं नाही. शेवटपर्यंत सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरायच्या आत ती गेली. जंगमस्वामींनी तिच्या कपाळाला विभूती लावली, लिंगायतांच्या रीतीप्रमाणे लहान खड्ड्यात तिला बसवलं, आणि महालिंगप्पानं माती लोटली.

त्यानंतर त्यानं नागम्माला त्या पाण्यावरून कधी एक शब्द विचारला नाही. लोक म्हणायचे, नवरा समजूतदार आहे. विचारायची गरजच उरली नव्हती. नागम्मा सगळं पाणी उकळायला लागली होती, प्यायचं, भांड्यांचं, अंघोळीचंही. तिच्या हाताच्या पाठी वाफेनं कायमच्या लालसर झाल्या. आणि त्यानं काय केलं? त्यानं माश्यांशी वैर धरलं. उकिरडे जाळले, खाटकांवर नजर ठेवली, आणि परसात ते झाड आणून लावलं. त्याला वाटायचं, हे आपल्या पापाचं निवारण. तिला वाटत असणार, ही आपल्याला रोज दाखवलेली सजा. आणि ती सजाही तिनं ओंजळीत धरली, तिला पाणी घातलं, माश्या घातल्या. आपण आणलेल्या झाडाचं पोट ती आपल्या अपराधानं भरत राहिली. कुणाच्या अपराधानं? महालिंगप्पा खडकावरून उठला. आज सांगायचं, असं त्यानं ठरवलं. ठरवल्याबरोबर त्याला इतकं हलकं वाटलं, की वाटेत ओळखीच्या एका पानवाल्याला त्यानं आपणहून रामराम केला.

तो घरी पोचला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. पुढच्या दारानं आला, पाय धुतले. सवयीनं डब्यापाशी गेला. मोठ्या चंबूच्या काठावर लाल शिरा उठून दिसत होत्या, आत काळसर पाण्यावर माश्या होत्या. आतून प्रश्न आला नाही. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसला. नागम्मा ज्वारीचं पीठ मळत होती.

"नागम्मा," तो म्हणाला, "जरा हात थांबव."

तिनं हात थांबवले. वर पाहिलं नाही.

"नीलाला उलट्या लागायच्या आदल्या दिवशी मी तिला बाजारात नेलं होतं. आठवतं?"

"आठवतं की."

"तिथं मी तिला कलिंगड दिलं. कापून ठेवलेलं. माश्या बसल्या होत्या त्याच्यावर."

परातीत पिठाचा गोळा तसाच राहिला. चुलीतलं लाकूड तडतडलं. नागम्मा म्हणाली, "कुनी दिलं म्हनता?"

"मी दिलं. माझ्या हातानं."

"दरोगा असून?"

"व्हय. हुकूम वाचून दाखवला आणि लगेच दिलं. तुझ्या पाण्यानं काही झालं नसंल, नागम्मा. झालं ते माझ्यानं झालं. आणि मी तुझ्यावर ओरडलो."

आता तिनं मान वर केली. तो तिच्या चेहऱ्याकडे बघायला घाबरत होता, पण त्यानं पाहिलं. त्याला वाटलं होतं, ती किंचाळेल, परात भिरकावून देईल, कदाचित उठून माहेरी, अक्कलकोटला निघून जाईल. यातलं काहीही त्याला चाललं असतं. पण ती त्याच्याकडे अशी बघत होती, जशी लहान मुलानं चोरीचा आळ अंगावर घेतला तर आई बघते.

"छत्री मागल्या दारात हाय तुमची," ती म्हणाली. "दुपारी आला हुता तुम्ही. मला बघितलं."

"बघितलं. पण त्यामुळं नाही—"

"म्हनून आता हे बोलताय. मला कळत न्हाय व्हय?" तिचे डोळे भरून आले. "माझी कीव आली तुमाला. म्हनून आपल्या अंगावर घेताय."

"अगं, खरं सांगतोय. लिंगाची शपथ."

"शपथ घेऊ नका!" ती घाईनं म्हणाली. "खोट्याची शपथ घेऊ नका. माझ्यापायी तुमाला पाप नको."

"खोटं नाही ते."

"तुम्ही दिलं असतं तर नीलानं मला सांगितलं नसतं? माझी लेक माझ्यापासून काय लपवत हुती का? शाळेत कुनी चिंच दिली तर घरी येऊन सांगायची."

"मीच तिला सांगू नको म्हणालो होतो."

नागम्मानं मान हलवली. अगदी हळू, समजूत घालावी तशी. "मरनाच्या दारात पडलेलं लेकरू," ती म्हणाली, "आई म्हनून हाताला धरलेलं. त्या वक्ताला बी सांगनार न्हाय? सात वर्साचं लेकरू एवढं गुपित राखंल?"

महालिंगप्पाच्या डोळ्यांपुढं नीलाचे ते मिटणारे डोळे आले. राखलं, नागम्मा, तिनं राखलं, असं त्याला म्हणायचं होतं; घशातून नुसता आवाज निघाला. नागम्माला तो हुंदका वाटला. पीठ लागलेल्या हातांनी ती उठली, त्याच्याजवळ येऊन उंबऱ्यावर बसली. तीन वर्षांत ती त्याच्या इतक्या जवळ बसली नव्हती.

"एक इचारू?" ती म्हणाली. "म्हंजी तुम्ही मला माफ केलं?"

तो तिच्याकडे बघत राहिला. कपाळावरची विभूती घामानं पुसट झाली होती. तिचं सगळं अंग त्या एका उत्तराकडे ओढलं गेलं होतं. आता पुन्हा नाही म्हणायचं? पुन्हा तेच सांगायचं, आणि तिला ते पुन्हा खोटंच वाटणार, आणि हाती आलेली माफीही तिच्या हातून जाणार? खरं बोलायला तो आला होता. खरं बोलून झालं होतं. ते तिच्यापर्यंत पोचायचं नव्हतं, कारण वाटेत ती पोर उभी होती, शब्द पाळून.

"व्हय," महालिंगप्पा म्हणाला. "केलं."

नागम्मानं त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडली. मातीच्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. तो तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला, आणि त्याला स्वतःच्या हाताची शिसारी आली.

दुसऱ्या दिवसापासून घर बदललं. नागम्मा शेजारी जायला लागली, दळताना गुणगुणायला लागली. नीलाचं नाव घरात सहज येऊ लागलं. नीलाला हे आवडायचं, नीला असं म्हणायची. माश्या घालणं तिनं सोडलं, आणि तोही चंबूत डोकावेनासा झाला. त्यानं आणखी दोनदा सांगून पाहिलं. एकदा संक्रांतीला; तेव्हा तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. दुसऱ्यांदा अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात, रझाकारांच्या भयानं ते दोघं तिच्या भावाकडे अक्कलकोटला निघाले तेव्हा, गाडीत, ती हसून म्हणाली, "अजून तेच का? म्या कवाच इसरले." निजामशाही गेली, गणपतीनंतर ते परतले. परसातलं झाड वाळून कोळसा झालं होतं, चंबू कागदासारखे चुरगळत होते. नागम्मानं ते उपटलं, डबा घासला, माती भरली आणि त्यात तुळशीच्या मंजिऱ्या टाकल्या.

त्या थंडीत शेजारच्या कमलबाईचा तान्हा मुलगा तापानं गेला. बाई खाईना, पिईना. मी त्याला वाऱ्यात नेलं, मी मारलं, एवढंच म्हणायची. नागम्मा तिला हाताला धरून आपल्या घरी घेऊन आली. महालिंगप्पा कचेरीला निघाला होता. पागोटं बांधून झालं होतं, एक पाय वहाणेत होता. आतलं बोलणं त्याला ऐकू आलं.

"माझ्या हातनं बी झालं की, बाई," नागम्मा सांगत होती. "पानी न उकळता दिलं म्या. पर आमच्या ह्यांनी काय करावं? म्हनाले, तू न्हाय, म्याच मारली. लेकीचं मरान स्वतावर घेतलं, मला सोडवायला. कलिंगडाची अशी गोस्ट रचली, की कुनालाबी खरी वाटावी. असा मानूस मिळत न्हाय. तुजा नवरा बी तुला माफ करंल, बघ."

महालिंगप्पा दुसरी वहाण शोधत राहिला. ती समोरच होती. कमलबाई बाहेर आली, डोळे सुजलेले, पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. त्याला पाहून थबकली, आणि एकदम वाकून तिनं त्याच्या पायांना हात लावला. चटका बसावा तसा त्यानं पाय मागं घेतला.

कमलबाईला तो त्याचा मोठेपणा वाटला. तिनं तो हात आपल्या कपाळाला लावला.